वाटाघाटी मतदानाआधी की नंतर?

म्हापशाच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकणाऱ्या मुलीने मला विचारलं: अमेरिका, इंग्लंड अशा देशांत मोठे पक्ष दोनच असतात, मग इतक्या तऱ्हेच्या लोकांना दोनच घरांत कसं बसवतात? तिथं पक्ष आतून चालतो कसा? आणि गोव्यातही एके काळी मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) आणि युगो (युनायटेड गोवन्स) असे दोनच पक्ष होते असं आजोबा सांगतात, ते मोडलं का, पुन्हा होईल का?

बाय, प्रश्न चांगला आहे आणि मला जवळचा आहे. मी डिचोली तालुक्यातला. १९७२ च्या निवडणुकीत शाळकरी पोरगा असताना मगोच्या निशाणीचं, सिंहाचं चित्र असलेल्या चिठ्ठ्या वाड्यावाड्यांत वाटल्या. पुढे मतदान केंद्रातला प्रतिनिधी, मग मोजणीच्या टेबलावरचा, मग उमेदवाराचा निवडणूक प्रतिनिधी असं करत चाळीसेक वर्षं याच कामात गेली. त्यामुळे पुस्तकापेक्षा मतदार यादीच्या बाजूने उत्तर देईन.

पुस्तकात दोन पक्षांची पद्धत शिकवताना आधी पक्ष मोजतात. मोजायला बसलीस तर इंग्लंडच्या संसदेत दहाएक पक्ष सापडतील, आणि अमेरिकेच्या मतपत्रिकेवर ग्रीन, लिबर्टेरियन ही नावं असतातच. मी बघतो ते वेगळं: भांडण कुठं मिटतं? कूळ आणि भाटकार म्हणजे जमीनदार, खाणीवर पोट असलेला आणि खाणीमुळे शेत बुडालेला, हॉटेलवाला आणि किनाऱ्यावर जाळं ओढणारा रापणकार यांचं जमणं कठीण. ही भांडणं मिटवायला कुठंतरी बसून देवाणघेवाण करावी लागते. अनेक पक्षांच्या देशात प्रत्येक गट आपापला पक्ष काढतो, मतं घेतो आणि निकालानंतर पक्ष एकमेकांशी बोलणी करून सरकार बनवतात. दोन पक्षांच्या देशात हीच बोलणी पक्षाच्या आत आणि मतदानाच्या आधी उरकतात. तिथला प्रत्येक मोठा पक्ष म्हणजे निवडणुकीपूर्वीच झालेली युती असते, फक्त तिला एकच नाव आणि एकच निशाणी असते. मतदाराच्या हातात तयार सौदा येतो. तो पसंत नसेल तर तो दुसऱ्या बाजूला जातो.

हे गट एका घरात राहतात ते प्रेमापोटी नाही. मतमोजणीचा नियम त्यांना राहायला लावतो. एका मतदारसंघातून एकच माणूस निवडायचा आणि ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून आला, अशी रीत असली की तिसऱ्याला फार किंमत मोजावी लागते. मॉरिस दुव्हर्जे नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९५० च्या सुमारास हे नीट मांडलं: अशा रीतीत छोट्या पक्षांची मतं जागांत उतरत नाहीत, आणि ते कळलं की मतदारही आपलं मत वाया घालवायला कचरतो. ब्रिटनमध्ये १९८३ साली मजूर पक्षाला साडेसत्तावीस टक्क्यांच्या आसपास मतं आणि २०९ जागा मिळाल्या. लिबरल आणि सोशल डेमोक्रॅट यांच्या आघाडीला पंचवीस टक्क्यांहून थोडी जास्त मतं मिळाली आणि जागा किती, तर २३. मतांत दोन टक्क्यांचा फरक, जागांत नऊ पटींचा. अमेरिकेत १९१२ साली माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट रिपब्लिकन पक्षातून बाहेर पडून वेगळे लढले, स्वपक्षाच्या अधिकृत उमेदवारापेक्षा जास्त मतं घेतली, आणि निवडून आले ते डेमोक्रॅट विल्सन. तेव्हापासून तिथल्या प्रत्येक रुसलेल्या नेत्याला कोणी ना कोणी १९१२ ची आठवण करून देतं.

हाच नियम आपल्याकडे आहे. २०२२ मध्ये भाजपला एक तृतीयांश मतांवर ४० पैकी २० जागा मिळाल्या. तृणमूलला पाच टक्क्यांवर मतं पडली आणि एकही जागा आली नाही. मग नियम तोच असताना आपल्याकडे दोन पक्ष का टिकले नाहीत, हा तुझ्या प्रश्नाचा खरा गाभा आहे. त्याकडे येतो, पण आधी पक्षाच्या आत जाऊ, कारण उत्तर तिथंच आहे.

अमेरिकेतला पक्ष आपल्या अर्थाने पक्षच नाही. पावती फाडून सभासद होणं, हायकमांडने तिकीट देणं, यातलं तिथं काही नाही. बऱ्याच राज्यांत माणूस मतदार म्हणून नोंद करतानाच आपण कुठल्या पक्षाचे ते सरकारी कागदावर लिहितो. उमेदवार ठरतो तो प्रायमरीत, म्हणजे पक्षाच्या मतदारांनी आधी केलेल्या वेगळ्या मतदानात. हे नेहमी असं नव्हतं. १९६८ साली ह्यूबर्ट हम्फ्रे एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले, कारण प्रतिनिधी राज्याराज्यांतल्या पुढाऱ्यांच्या मुठीत होते. त्यावरून शिकागोच्या अधिवेशनात आणि बाहेर रस्त्यावर एवढं रण माजलं की पक्षाला नियम बदलावे लागले आणि १९७२ पासून प्रायमरीच निर्णायक ठरली.

याचा परिणाम काय होतो ते निवडणूक लढवणाऱ्यालाच नीट समजेल. आपल्याकडे उमेदवारी म्हणजे बी फॉर्म. पक्षाच्या सहीचा तो कागद अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचला तर निशाणी मिळते, नाही तर तू अपक्ष. तो कागद ज्याच्या हातात, पक्ष त्याच्या हातात. अमेरिकेत हा कागद मतदाराच्या हातात आहे. त्यामुळे नेत्याला न आवडणारा माणूसही पक्षाचं नाव घेऊन निवडून येतो आणि संसदेत नेत्याविरुद्ध मत देतो, त्याला कोणी काढून टाकू शकत नाही. याची दुसरी बाजूही आहे. प्रायमरीला मतदान कमी होतं, येतात ते कट्टर लोक, आणि उमेदवार त्यांना खूश करायला टोकाला सरकतो. माझ्या मते आज तिथं जी तेढ दिसते तिचं एक मूळ इथं आहे.

ब्रिटनमध्ये उलट. तिथं स्थानिक शाखा उमेदवार निवडते, पण लगाम नेत्याकडे असतो. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ब्रेक्झिटच्या मुद्द्यावर पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून हुजूर पक्षाने एका रात्रीत २१ खासदारांना बाहेर काढलं, त्यात माजी अर्थमंत्री होते. आणि गंमत बघ, ब्रिटनमध्ये पक्षांतरबंदी कायदा नाही. खासदार उठून समोरच्या बाकावर जाऊन बसला तरी त्याची खासदारकी जात नाही. विन्स्टन चर्चिल १९०४ साली एकदा असे गेले आणि वीस वर्षांनी परत आले. तरीही असं रोज होत नाही. हे मनात ठेव, पुढे लागेल.

दोन पक्षांच्या पद्धतीचा कस लागतो तो तिकीट न मिळालेल्या माणसावर. माझ्या तालुक्यातली एक रात्र सांगतो. एका निवडणुकीत आमच्याकडे दोन इच्छुक होते. एकाचा गावागावांत संपर्क, दुसऱ्याच्या मागे पैसा. रात्री अकराला पणजीहून फोन आला, पैसेवाल्याला तिकीट. मी आणि आणखी दोघे संपर्कवाल्याच्या घरी गेलो. अंगणात साठसत्तर माणसं बसली होती, चुलीवर चहा उकळत होता आणि कोणीच बोलत नव्हतं. मी त्याला म्हटलं, पाच वर्षं थांब. तो म्हणाला, "थांबून काय मिळेल ते सांग." माझ्याकडे उत्तर नव्हतं. सकाळी तो दुसऱ्या पक्षाचा बी फॉर्म घेऊन अर्ज भरायला गेला.

अमेरिकेतल्या हरलेल्या इच्छुकाला कोणी तरी उत्तर देऊ शकतो. बाहेर गेलास तर हरशील. थांबलास तर चार वर्षांनी पुन्हा प्रायमरी आहे, आणि तुझी माणसं तुझीच आहेत. १९७६ मध्ये रोनाल्ड रेगन स्वपक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध उमेदवारीला उभे राहिले, थोडक्यात हरले, पक्षातच राहिले, आणि १९८० साली उमेदवारही झाले आणि राष्ट्राध्यक्षही. हरलेल्याला थांबायला जागा आणि कारण असणं, यावर ती सगळी रचना उभी आहे. म्हणूनच पक्षांचं नाव तेच राहून आतली माणसं बदलू शकतात. फ्रँकलिन रूझवेल्टच्या डेमोक्रॅटिक पक्षात दक्षिणेतले गोरे जमीनमालक होते आणि उत्तरेकडच्या शहरांतले कामगार, कॅथलिक आणि काळे मतदारही होते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर ही मोट फुटली, दक्षिणेतले गोरे हळूहळू रिपब्लिकन झाले. पक्ष दोनच राहिले, पण त्यांच्या आतली गर्दी इकडची तिकडे गेली. हे व्हायला तीसेक वर्षं लागली.

आता आपलं घर. गोवा मुक्त झाला डिसेंबर १९६१ मध्ये आणि विधानसभेची पहिली निवडणूक झाली डिसेंबर १९६३ मध्ये. जागा तीस: गोव्यात २८, दमण आणि दीवला एकेक. दिल्लीत नेहरूंचं राज्य, मुक्तीचं श्रेय काँग्रेसच्या सरकारकडे, आणि तरी काँग्रेसला गोव्यातल्या २८ पैकी एकही जागा मिळाली नाही. भाऊसाहेब बांदोडकरांच्या मगोने सरकार बनवलं, डॉ. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्सला १२ जागा मिळाल्या आणि सिक्वेरा विरोधी पक्षनेते झाले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत सालाझारच्या राजवटीत ज्यांना खरं मतदान ठाऊक नव्हतं, त्या लोकांनी पहिल्याच फटक्यात दोन पक्षांची विधानसभा उभी केली. याचा मला आजही अभिमान वाटतो.

हे झालं कारण प्रश्न एकच होता आणि त्याला बाजू दोनच होत्या: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. पण आजोबांना विचार, ते सांगतील की मगो म्हणजे फक्त विलीनीकरण नव्हतं. आमच्या घरी माझे वडील कूळ होते. त्यांच्यासाठी मगो म्हणजे कसेल त्याची जमीन, आणि आमच्या गावात प्राथमिक शाळा. नव्या काबिजादीतला, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या तालुक्यांतला बहुजन समाज, कूळ, भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा मुंडकार, मराठी शाळेचा मास्तर, देवळाच्या कारभारात ज्यांना उभं करत नसत ते, हे सगळे एका सिंहाखाली आले. समोर युगोतही कॅथलिक समाज होता, भाटकार होते, आणि मराठी वाचणारे पण विलीनीकरण नको असलेले हिंदूही होते. दोन्ही पक्ष आतून युत्याच होत्या.

१६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. कौल निःपक्ष व्हावा म्हणून भाऊसाहेबांच्या सरकारने आधीच राजीनामा दिला होता. संघप्रदेश म्हणून वेगळं राहण्याच्या बाजूने ३४,०२१ मतं जास्त पडली. पक्षाचा जीव ज्या मागणीत, ती मागणी लोकांनी नाकारली. आता मगो संपला असं वाटणं साहजिक होतं. पण मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि मगोला १६ जागा मिळाल्या, युगोला १२. जानेवारीत विलीनीकरणाला नको म्हणणाऱ्या काही लोकांनी मार्चमध्ये सिंहावर शिक्का मारला, त्याशिवाय हे गणित जुळत नाही. विलीनीकरण हरलं तरी कुळाचा प्रश्न उरलाच होता. माझे वडील दोन्ही वेळा रांगेत उभे होते. दोन्ही वेळा काय केलं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

सत्तरचं दशक उजाडताना चिरा दिसू लागल्या. १९७० मध्ये मगोच्याच आमदारांच्या एका गटाने भाऊसाहेबांविरुद्ध बंड केलं आणि सरकार वाचलं ते युगोकडच्या काही आमदारांच्या आधाराने. १९७२ मध्ये मगो पुन्हा आला, १८ जागांनी. १९७३ च्या ऑगस्टमध्ये भाऊसाहेब गेले, त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. कूळ आणि मुंडकार कायद्यांची मोठी कामं त्यांच्या काळात झाली, आणि इथंच एक विचित्र गोष्ट घडते: काम झालं की ते काम मागणारा गट मोकळा होतो. ज्याला जमीन मिळाली त्याला आता पक्षाने बांधून ठेवायला नवं कारण हवं. दुसरीकडे युगोचे बरेच लोक काँग्रेसमध्ये गेले होते, कारण वेगळं राहण्याचा प्रश्न सुटलेला पक्ष दिल्लीच्या आधाराशिवाय कुठं जाणार? १९७९ मध्ये स्वतःच्याच आमदारांनी साथ सोडल्याने ताईंचं सरकार पडलं. १९८० मध्ये काँग्रेस (अर्स), म्हणजे इंदिरा गांधींपासून वेगळा झालेला गट, २० जागा घेऊन आली आणि निवडून आल्यावर सगळेच्या सगळे इंदिरा काँग्रेसमध्ये गेले. मतदाराने एका पक्षाला मत दिलं आणि सरकार दुसऱ्याचं झालं, हे आम्ही तेव्हा मोठ्या प्रमाणावर पाहिलं.

आकड्यांनी बघितलं तर दोन पक्ष १९८९ मध्येही होते: काँग्रेस २०, मगो १८, अपक्ष दोन. पण पुढच्याच मार्चमध्ये ते सरकार फुटून पडलं आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत दहाहून जास्त वेळा मुख्यमंत्रिपदाच्या शपथा झाल्या. तुझ्या आईवडिलांच्या तरुणपणाचा तो काळ. ज्या वाटाघाटी मतदानाआधी पक्षात होत होत्या त्या आता निकालानंतर बंगल्यात, हॉटेलात, राजभवनाच्या वाटेवर होऊ लागल्या.

मग कायदा होता ना, असं तू म्हणशील. होता. १९८५ मध्ये पक्षांतरबंदी आली, पण एक तृतीयांश आमदार फुटले तर ती फूट मानून सूट होती. ती २००३ मध्ये काढली, आता दोन तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं कलम उरलं. राजीनामा न देताही वागण्यातून माणूस पक्ष सोडू शकतो, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा महत्त्वाचा निकाल गोव्याच्याच प्रकरणातला, रवी नाईक खटल्यातला. आता हे आकडे बघ. मार्च २०१९ मध्ये मगोच्या तीनपैकी दोन आमदार भाजपमध्ये गेले. जुलैमध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ गेले. तिन्ही वेळा कायद्याला लागणारा कमीत कमी आकडा, एक जास्त नाही, एक कमी नाही. चर्चिलच्या देशात कायदा नसूनही लोक बहुधा जागेवर राहतात, आणि आपल्याकडे कायदा मोजपट्टी म्हणून वापरला जातो.

याचं कारण गोव्याची माणसं वाईट हे मला मान्य नाही. कारण आकारात आहे. ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात ६५० खासदार. बहुमताला ३२६ लागतात आणि त्या सभागृहातून जास्तीत जास्त ९५ मंत्री करता येतात. अमेरिकेत तर संसद सदस्याला मंत्री व्हायचं तर सदस्यत्व सोडावं लागतं. गोव्यात ४० आमदार, बहुमत २१ चं, आणि मंत्री १२ पर्यंत. सत्तेच्या बाजूला बसलेल्या निम्म्याहून जास्त माणसांना मंत्रिपद मिळू शकतं; उरलेल्यांसाठी महामंडळं आहेत. मग विरोधी बाकावर पाच वर्षं कोण काढेल? शिवाय मतदारसंघ सरासरी एकोणतीस हजार मतदारांचा. सांत आंद्रेचा निकाल २०२२ मध्ये ७६ मतांनी लागला. एवढ्याशा मतदारसंघात नेता आपली पाच-सहा हजार माणसं स्वतः ओळखतो, त्यांच्या लग्नाला, बाराव्याला जातो. ती मतं पक्षाची नसतात, त्याची असतात, आणि तो जाईल तिथं ती बरोबर जातात. इंग्लंडात खासदाराला ठाऊक असतं की पक्षाचं नाव गेलं की आपण घरी बसणार. दुव्हर्जेचा नियम तिथं पक्षाला लागू पडतो. आपल्याकडे तो मतदारसंघापुरता, माणसाला लागू पडतो. प्रत्येक मतदारसंघात खरी लढत बहुधा दोघांतच असते, पण ते दोघे जागोजागी वेगळ्या पक्षांचे असतात.

आकार लहान म्हणून दोन पक्ष जमतच नाहीत, असंही मात्र समजू नकोस. भूमध्य समुद्रातलं माल्टा गोव्याच्या दहाव्या हिश्श्याएवढंही नाही, तिथं मतदानाची रीत प्रमाणशीर आहे, आणि तरी दशकानुदशकं मजूर आणि राष्ट्रवादी या दोघांतच सामना होतो. तिथं माणूस जन्मतःच एका पक्षाचा असतो, गावात दोन्ही पक्षांचे वेगळे क्लब असतात. त्याचाही त्रास आहे: १९८१ मध्ये राष्ट्रवादी पक्षाला निम्म्याहून जास्त मतं पडूनही जागा मजूर पक्षाला जास्त मिळाल्या आणि देश कित्येक वर्षं धुमसत राहिला.

माझं स्वतःचं सांगायचं तर मी काम का सोडलं ते सांगतो. एका निवडणुकीत मी एका उमेदवारासाठी चारशेहून जास्त घरांत गेलो. तो जिंकला आणि वर्ष सरायच्या आत समोरच्या पक्षात गेला. त्यानंतर बाजारात एक म्हातारी भेटली, जिच्या ओसरीवर बसून मी मत मागितलं होतं. ती रागावली नाही. फक्त विचारलं, "आता तू परत येशील तेव्हा कोणासाठी येशील?" मी पुन्हा गेलो नाही.

तर पुन्हा दोन पक्ष होतील का? एखादा मोठा, घराघराला भिडणारा, दोनच बाजू असलेला प्रश्न आला तर एका निवडणुकीपुरते होतील. जमिनीचं रूपांतर, बाहेरच्यांना विकली जाणारी भाटं, पाणी यात तसा प्रश्न तयार होण्याची ताकद मला दिसते. पण टिकायचं तर हरलेल्या इच्छुकाला पक्षात थांबण्याचं कारण द्यावं लागेल, आणि ते द्यायला पक्षांनी तिकीट ठरवायची रीत उघडी करायला हवी: कोणत्या सभासदांनी, कोणत्या दिवशी, किती मतांनी ठरवलं ते गावाला कळलं पाहिजे. आपल्या कुठल्याच पक्षात मी ते अजून पाहिलेलं नाही.

तुला अभ्यास करायचा असेल तर पुढची विधानसभा निवडणूक २०२७ ची. तिकिटं जाहीर होतील त्या रात्री जिंकलेल्याच्या घरी जाऊ नकोस, तिथं फटाके असतात. ज्याला मिळालं नाही त्याच्या अंगणात जा. किती माणसं बसलीत, कोण कोणाला फोन लावतंय, पहाटेपर्यंत कोण टिकतं ते लिहून घे. आणि मतदानाच्या दिवशी त्याच माणसांपैकी कोण कोणत्या पक्षाच्या टेबलावर मतदार यादी घेऊन बसलंय ते बघून ये.